घोडं खाल्लं नाही

सर्वपित्री अमावास्येला गावच्या घरी म्हाळ असतो. सोप्यात पानं मांडली जातात आणि जेवायला बसायच्या आधी आबा एकेकाचं नाव घेऊन पानावर पाणी सोडतात. बाप, आजा, पणजा, मग आज्या, मग अकाली गेलेली एक आत्या. शेवटचं पान जरा बाजूला, माजघराच्या उंबऱ्यापाशी असतं. ते बसऱ्याच्या आजाचं, पहिल्या महायुद्धात इराकमधल्या बसऱ्याकडे लढायला गेलेल्या. या वेळी त्या पानाशी आल्यावर आबांनी पोरांकडे बघून दरवर्षीचं वाक्य म्हटलं, "ह्यो आपला आजा लढाईत उपाशी मेला, पर त्यानं घोडं खाल्लं न्हाई." आमच्या घरात हे वाक्य इतक्या वेळा बोललं गेलंय की त्यावर कुणी काही म्हणत नाही, बायका वडे वाढत राहतात, पुरुष टोपी सारखी करतात. पुढच्या रांगेत माझ्या भाच्याचा मुलगा बसला होता, दुसरीतला. नैवेद्याच्या आधीच त्यानं खिरीत बोट घालून चाटलं होतं. तो म्हणाला, "मग खायचं ना. मेला नसता."

कुणीतरी हसलं. त्याच्या आईनं डोळे वटारले. आबांनी ऐकलं की नाही कळलं नाही. त्यांनी पाणी सोडलं आणि घास घेऊन ते कावळ्याला घालायला परड्यात गेले. मी जेवलो, पण लक्ष जेवणात नव्हतं. शंभर वर्षं एक घर एक वाक्य म्हणत आलं आणि त्यातल्या एकालाही हे विचारावंसं वाटलं नाही, याचं मला त्या पोराच्या प्रश्नाहून जास्त नवल वाटत होतं.

हे पान सर्वपित्रीलाच का, यावरही आमच्याकडे वाद झालेले आहेत. हत्यारानं मेलेल्यांचं श्राद्ध घातचतुर्दशीला करायचं असतं आणि तिथी माहीत नसलेल्यांचं अमावास्येला. गावचे जुने भटजी म्हणायचे, पलटणीतला माणूस आहे, चतुर्दशी धरा. आबांचे वडील म्हणायचे, गोळी लागली असती तर चतुर्दशी. हा भुकेनं गेला, आणि कधी गेला ते कुणाला ठाऊक? भटजी गप्प बसायचे. उपासमार हे हत्यार धरायचं की नाही, असा तो पेच होता आणि पोथीत त्याची सोय नसावी. तिकडच्या कूट गावाला वेढा घालून बसलेल्या तुर्कांना विचारलं असतं, तर त्यांनी चतुर्दशीच सांगितली असती.

तो माझ्या पणजोबांचा थोरला भाऊ. त्याचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईल. त्याचा फोटो नाही. त्याच्याविषयी घरात जी माहिती आहे ती एका दमात सांगून संपते. अंगानं उंच, कृष्णेला पूर असताना पोहून पलीकडे जायचा, बापाशी भांडून साताऱ्याला गेला आणि भरती झाला, पलटण एकशेदहा, बसऱ्याला गेला, परत आला नाही. भांडण कशावरून याचे दोन पाठ आहेत. एकात बैलाच्या खरेदीवरून, दुसऱ्यात सावकाराच्या कागदावर अंगठा उठवायला त्यानं नकार दिला म्हणून. मला दुसरा पाठ जास्त आवडतो, त्यामुळे पहिला खरा असावा असं मी धरून चालतो.

भरती झाल्यावर महिना अकरा रुपये. १९१४ साली पायदळातल्या शिपायाचा पगार तेवढाच होता, आणि छावणीत असताना पोटाचंही त्यातूनच भागवायचं. आता गावात चौदा-पंधरा वर्षांची पोरं पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात, भरतीसाठी छाती फुगवून मोजून घेतात, आणि त्यांचे बाप चहा पिताना देशसेवेबद्दल बोलतात. त्यात खोटं काही नाही. पण कर्जाचा विषय निघाला की तेच बाप सांगतात, एक पोरगं लागलं की सुटलो. बसऱ्याच्या आजाला आमचे काही नातेवाईक शूर वीर म्हणतात. माझा एक चुलतभाऊ, जरा रात्र चढली की, त्याला इंग्रजांचा भाडोत्री म्हणतो. मला दोन्ही शब्द त्या अकरा रुपयांवर सैल बसलेले वाटतात.

साताऱ्याकडच्या माणसाला यात नवीन काही नाही. अपशिंग्याचे ४६ जण त्या लढाईत गेले आणि गावाच्या नावालाच मिलिटरी चिकटलं. आमच्या गावातून एकच गेला. एकाचा स्तंभ कोण बांधणार? पुढे चाळीसच्या दशकात आमच्याच आळीतला एक जण मराठा पलटणीतून इटलीत लढत होता आणि त्याचा चुलतभाऊ रात्री पत्री सरकारच्या माणसांना उसात भाकऱ्या पोचवत होता. दोघांच्या आया एकाच जात्यावर दळायच्या. कोण कुणाच्या बाजूनं होतं, हे त्या जात्याशी बसून ठरवायला फार अवघड गेलं असतं.

एकशेदहा मराठा ही पलटण पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधून १९१४च्या नोव्हेंबरात बसऱ्याकडच्या शत्त-अल्-अरब नदीच्या काठी उतरली. तिथून पुढचं सगळं इतिहासाच्या पुस्तकांत आहे, आणि मी ते वाचताना नकाशावर बोट ठेवून एका उंच माणसाला शोधत असतो. १९१५च्या एप्रिलमध्ये शैबा. बसरा आणि शैबा यांच्यामधला पट्टा पुराच्या पाण्याखाली होता, माल आणि माणसं होड्यांतून हलवावी लागत, आणि पलीकडच्या कोरड्या मैदानावर मृगजळानं शत्रू मध्येच उंच व्हायचा, मध्येच नाहीसा व्हायचा. नोव्हेंबरात बगदादजवळचं टेसिफॉन. बगदाद घ्यायला निघालेल्या सैन्यातले निम्म्याच्या आसपास लढवय्ये तिथे मेले किंवा जखमी झाले. जखमींना नदीपर्यंत आणायला होत्या त्या खेचरांच्या गाड्या, खाली स्प्रिंग नसलेल्या, दारूगोळा आणि धान्य वाहायच्या. मांडीचं हाड मोडलेला माणूस तसल्या गाडीत, नांगरटीसारख्या जमिनीवरून. मी लहानपणी बैलगाडीतून गुऱ्हाळापर्यंत जायचो तेव्हा धड असलेली हाडंसुद्धा खिळखिळी व्हायची, तेवढ्यावरून मला अंदाज करता येतो, आणि मग तो करणं मी थांबवतो.

मग माघार घेत कूट. ७ डिसेंबर १९१५ला वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ला आतल्या फौजेचा इंग्रज सेनापती जनरल टाउनशेंडनं शरणागती दिली. तैग्रिस नदी तिथे वळसा घेते आणि त्या वळशात गाव आहे. तीन बाजूंना पाणी, चौथीकडे तुर्कांचे खंदक. जानेवारीत पाऊस लागला तसे खंदक भरले, माणसं कमरेएवढ्या गार चिखलात उभी राहिली. बाहेरून सोडवायला आलेल्या फौजेचे २३ हजारांच्या आसपास लोक मेले-जखमी झाले, वेढा उठला नाही. आत पीठ संपत चाललं. एप्रिलमध्ये हिंदी शिपायाला दिवसाला पाच औंस पीठ मिळत होतं, पुढे त्याहूनही कमी. शेवटी शेवटी विमानांतून पोती टाकली. काही नदीत पडली, काही पलीकडे तुर्कांच्या हद्दीत.

पाच औंस हे वाचून काही कळत नाही, म्हणून मी एकदा ते घरी करून बघितलं. जवाचं पीठ हल्ली दुकानात मिळतं, साखरेच्या आजारवाल्यांसाठी. काट्यावर १४० ग्रॅम मोजलं. परातीत ते पीठ मूठभराहून थोडं जास्त दिसत होतं, रंगानं मळकट, हाताला भरड. पाणी घालून मळलं तर त्याला ज्वारीसारखी चिकण नाही. थापायला लागलो की कडा फुटत होत्या, आणि तव्यावर टाकताना एकीचे दोन तुकडे झाले. कशाबशा दोन पातळ भाकऱ्या झाल्या. मिठाबरोबर एक खाल्ली. वासाला बरी होती, भाजलेल्या गवतासारखा वास, पण कोंडा घशात रेंगाळतो आणि पाणी प्यावं लागतं. बायको म्हणाली, आता दिवसभर दुसरं काही खाऊ नकोस म्हणजे प्रयोग पुरा होईल. दुपारी दोन वाजता मी आमटीभात जेवलो.

घोडी होती. तोफखान्याची, घोडदळाची, शिवाय खेचरं. चारा संपल्यावर ती एकमेकांच्या शेपट्या चघळत होती. ती मारून खायला सुरुवात झाली तेव्हा गोऱ्या शिपायांनी खाल्लं, बहुतेक हिंदी शिपायांनी नाकारलं. यातून एक विचित्र हिशोब तयार झाला. गोऱ्यांना पांढऱ्या पावापायी बेरीबेरी झाला. हिंदी शिपाई कोंड्यासकट पीठ खात होते, त्यांना तो झाला नाही, पण ताजं मांस नाही, भाजी नाही, म्हणून त्यांना स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजून दात हलायला लागतात. अंगात शक्ती राहत नाही. आणि स्कर्व्हीत जुन्या, भरून आलेल्या जखमा पुन्हा उघडतात, हे मला माहीत नव्हतं. शैबाला कुणाला काही लागलं असेल आणि ते वर्षभरापूर्वी बरं झालं असेल, तर ते कूटमध्ये परत वाहायला लागलं असणार. हे लोक खंदकांच्या कडेचं तण खुडून भाजी म्हणून शिजवत; त्यातही कधीकधी विषारी पाला येई.

टाउनशेंडनं बिनतारी यंत्रावरून निरोप पाठवून हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी मागवली. ती आली. आणीबाणीत चालतं, दोष नाही, असं कळवण्यात आलं. तरी बराच काळ बहुतेकांनी खाल्लं नाही. त्यांचं म्हणणं त्या वेळच्या इंग्रजांनी लिहून ठेवलेलं आहे, आणि ते धर्माबद्दल फारसं नाहीच. गाव काय म्हणेल, असं ते म्हणत होते. परत गेल्यावर वाळीत टाकतील. घरातली लग्नं जमणार नाहीत.

म्हणजे तो आम्हाला भीत होता.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बाहेर पायरीवर जाऊन बसलो. समोर तुर्क, डोक्यावर त्यांचे तोफगोळे, पोटात काही नाही, आणि हा माणूस विचार करतोय तो आमच्या सोप्याचा. पारावर बसणाऱ्यांचा. आपल्या धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या पणजोबांना, मुलगी कोण देईल याचा. पणजोबांचं लग्न पुढे चांगल्या घरात झालं. त्याच वंशातले आम्ही तीस-पस्तीस जण म्हाळाला पंगतीला बसतो आणि अभिमानानं सांगतो की त्यानं घोडं खाल्लं नाही.

पण हेही पुरतं खरं नसावं. सगळा दोष गावावर टाकून मोकळं होणं मला सोपं जातं, कारण मी शहरात राहतो. आमच्या देव्हाऱ्यात पालीच्या खंडोबाचा टाक आहे. चांदीचा, घासून घासून नाकडोळे पुसट झालेला. खंडोबाचा चेहरा आता दिसत नाही, तलवारीची नुसती रेघ उरली आहे, मात्र घोडा अजून ठसठशीत आहे: पुढचा पाय उचललेला, मान वळवलेली. लहानपणापासून रोज सकाळी ज्यानं या टाकावर भंडारा वाहिला, त्याच्यापुढे घोड्याचं मांस ठेवल्यावर त्याच्या मनात काय झालं असेल, ते पारावरच्या बोलण्याच्या भीतीत मावणार नाही. कदाचित तो कुणालाही भीत नसेल. कदाचित त्याला नुसतं गिळवलं नसेल. कदाचित टेसिफॉनहून परतताना ज्या घोड्याच्या आडोशानं तो झोपला तेच कापलं असेल. त्याच्या जागी बसून ठरवण्याचा अधिकार मला नाही, आणि दुसरीतल्या मुलाला मात्र आहे, असं मला वाटतं.

तर ही गोष्ट घरी आणली कुणी? हे मी आबांना विचारलं. आबा म्हणाले, लढाई संपल्यावर पलीकडच्या वाडीतला एक जण परत आला होता, त्याच पलटणीतला, कूटला सापडलेला. कैदेतून सुटून आला तेव्हा त्याच्या अंगावर नुसती कातडी होती. तो आमच्या सोप्यात येऊन बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, आमच्यातल्या कुणीबी घोडं खाल्लं न्हाई. एवढंच. बाकी काही सांगेना. बसऱ्याचा आजा कधी मेला, कुठे मेला, त्याच्यासमोर मेला का, यावर तो मान हलवत राहिला.

मी आबांकडे बघत राहिलो. कूटच्या शेवटच्या पंधरवड्यात हजारो हिंदी शिपाई घोड्याचं मांस खायला लागले होते, हे लिखित आहे. जगून परत आलेला माणूस. त्याला त्याच वाडीत उरलेलं आयुष्य काढायचं होतं, पोरीबाळी उजवायच्या होत्या. सोप्यात पंचवीस माणसं जमलेली, सगळ्यांचे डोळे त्याच्या तोंडाकडे. तो दुसरं काय सांगणार होता? आमच्या घराण्याचं ते अभिमानाचं वाक्य मुळात त्या माणसानं स्वतःसाठी बोललेलं असावं, असा माझा कयास आहे. आमच्या आजाचा त्याच्याशी संबंध असेल किंवा नसेलही. त्या माणसानं खाल्लं असेल तर बरंच झालं, त्याचे पणतू माझ्याबरोबर शाळेत होते.

शरणागतीनंतर १३ हजारांवर लोक कैदेत गेले. आधी तुर्कांनी कडक, काळी बिस्किटं वाटली. रिकाम्या पोटी ती खाऊन कित्येक जण पहिल्या मुक्कामातच मेले. मग बगदाद, मोसुल, आणि तिथून वाळवंटातून पायी रास-अल्-ऐनला, बगदाद रेल्वेच्या कामावर. टाउनशेंडला मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात ठेवलं आणि कैदेत असतानाच तो 'सर' झाला. त्याचा स्पॉट नावाचा कुत्रा होता. त्याला तुर्कांनी सन्मानानं नदीतून खाली इंग्रजांकडे पोचतं केलं. कुत्र्यावर माझा राग नाही. पण तो परत गेल्याची नोंद इतकी चोख सापडते की चिडायला होतं.

घरी काहीच आलं नाही. पत्र नाही, तार नाही. त्याची बायको, जिला आबांच्या पिढीनं थोरली आई म्हटलं, तेव्हा सोळा-सतरा वर्षांची असेल. ती कुंकू लावत राहिली. बायका आडून विचारायच्या, सासू समोरून विचारायची. नवरा मेला म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे पुसायचं कशाच्या आधारावर, आणि दिसत तर नव्हता, त्यामुळे लावायचं तरी कुणासाठी? मधल्या काळात इन्फ्लुएन्झाच्या साथीनं घरातली दोन माणसं नेली, त्यांचं रडणं रीतसर झालं. याचं रडायला तिला सवडही मिळाली नाही आणि परवानगीही. असं करत लढाई संपून वर्ष-दीड वर्ष गेलं, आणि तालुक्याहून एक पुडकं आलं.

त्यात कांस्याची चकती होती. तळहाताहून थोडी मोठी, १२ सेंटिमीटर व्यासाची, चांगली वजनदार. हातात त्रिशूळ घेतलेली एक बाई, दुसऱ्या हातात पुढे धरलेली माळ, पायाशी सिंह. बाजूच्या चौकटीत उठावाच्या इंग्रजी अक्षरांत मेलेल्याचं नाव, आणि कडेनं लिहिलेलं, की हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. इंग्रजी वाचणारं घरात कुणी नव्हतं. त्रिशूळ आणि सिंह बघून सासूनं ती भवानी समजून देव्हाऱ्यात ठेवली, हळदकुंकू वाहिलं. आठवड्यानं शाळेचे मास्तर येऊन बघून गेले आणि म्हणाले, ही देवी नव्हे, ही ब्रिटानिया, आणि हे तुमच्या मुलाचं नाव. त्या दिवशी थोरल्या आईच्या बांगड्या फोडल्या.

हे आबांनी सांगताना अगदी सहज सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं. त्यांनी तिला म्हातारपणी पाहिलंय. ती चकती तिनं देव्हाऱ्यातून उचलली आणि आपल्या उशाशी पाण्याचा तांब्या असायचा त्याच्यावर झाकण म्हणून ठेवली. चाळीस-पंचेचाळीस वर्षं. चकती तांब्याच्या तोंडावर नीट बसायची. रात्री पोरांना तहान लागली की चकती बाजूला करायचा आवाज व्हायचा आणि ती झोपेतही म्हणायची, झाक परत. ती गेली तेव्हा तांब्या कुणी नेला माहीत नाही, चकती आबांनी ठेवली. मी ती हातात घेतली तेव्हा बाईचं तोंड गुळगुळीत झालं होतं आणि मागची बाजू, जी पाण्याकडे असायची, ती हिरवट काळी पडली होती. नाव स्पष्ट वाचता येतं. घोड्याचं वाक्य ती कधी म्हणायची का, असं मी विचारलं. आबा जरा थांबले. म्हणाले, "न्हाई बा. तिच्या तोंडून न्हाई आयकलं."

त्या चकतीवर हुद्दा नाही. सुमारे साडेतेरा लाख चकत्या पाडल्या आणि एकाही चकतीवर हुद्दा घातला नाही, कारण मेल्यावर जनरल आणि शिपाई सारखेच, असं ठरवलं होतं. पण घरी पाठवायच्या चकतीसाठी जे ठरलं ते भिंतीसाठी ठरलं नाही. बसऱ्याचं स्मारक १९२९ साली उघडलं, ४० हजारांवर माणसांचं, ज्यांची थडगी सापडली नाहीत त्यांचं. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावं आहेत, हिंदी सुभेदार-जमादारांची नावं आहेत, आणि मग प्रत्येक पलटणीखाली एक आकडा: आणि इतर इतके हिंदी शिपाई. बसऱ्याचा आजा त्या आकड्यात आहे. किती-शे-कितवा, कोण सांगणार? १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकमानं ते अख्खं स्मारक नदीकाठावरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन उभारलं, तेव्हा तो आकडाही बरोबर गेला असणार. युद्धसमाधी सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानं २०२१ साली अहवाल काढून या भेदभावाबद्दल माफी मागितली. मी तो अहवाल मन लावून वाचला. चांगला लिहिलाय.

याच एकशेदहाची पुढे पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली. माणगावजवळच्या पळसगावचे यशवंत घाडगे त्याच बटालियनचे. १० जुलै १९४४ला इटलीत, टायबरच्या खोऱ्यात, मशिनगनच्या मोर्चावर ते एकटे धावून गेले, तो मोडला आणि तिथेच पडले. वय २२. त्यांचाही देह मिळाला नाही, पण त्यांचं नाव इटलीतल्या कसिनोच्या स्मारकाच्या भिंतीवर आहे, व्हिक्टोरिया क्रॉस आहे, माणगावात पुतळा आहे, आणि इटलीतल्या मोंतोने गावानं २०२३ साली त्यांच्या नावानं सूर्यघड्याळ उभारलंय. मला त्याचा आनंद आहे. पण मी बघत असतो ती त्यांच्या मागची माणसं, त्याच तुकडीतली, ज्यांना धावायची संधीच मिळाली नाही, पहिल्या फैरीतच पडली. आमचा आजा त्या जातीचा. पराक्रमाची वेळ न आलेला.

शेवटी मी नोंदींत त्याला शोधायला बसलो. भिंतीवर नावं नसली तरी कागदावर आहेत, आणि ते कागद आता संगणकावर बघता येतात. चकतीवरचं स्पेलिंग टाकलं, पलटण टाकली. एकाच नावाचे तिघे निघाले. एक १९१५च्या एप्रिलमध्ये गेलेला, म्हणजे बहुधा शैबाचा. एक त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातला, तो तापानं किंवा कॉलऱ्यानं गेला असावा. उन्हाळ्यात तिथे गोळीपेक्षा आजारानं माणसं जास्त मरत होती. एक १९१६च्या अखेरीचा, तो कैदेतला. बापाचं नाव तिघांपुढेही नाही, गाव तर नाहीच.

दिवाळीला गेलो तेव्हा आबांना सांगितलं. ते शेंगा फोडत बसले होते.

"तिघांतला आपला कंचा?"

"सांगता येत नाही."

"पयला आसंल तर?"

"तर तो वेढा पडायच्या आधीच गेला. कूटला पोचलाच नाही."

आबांनी चार-सहा शेंगा फोडल्या, दाणे सुपात टाकले, टरफलं बाजूला केली. "म्हंजी घोड्याचा प्रश्नच आला न्हाई," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात निराशा होती की सुटका, ते मला ओळखता आलं नाही. थोडी थोडी दोन्ही असावी. मग एकदम म्हणाले, "आन् बाकी दोगांचं कोन करतंय?"

मी म्हटलं, नोंदीत गाव नाही आबा, कसं कळणार. त्यांना ते पटलं नाही. एवढं सगळं संगणकावर आहे म्हणतोस आणि गाव नाही? तू लिहितोस ना तिकडं, मग लिही, इचार लोकांना. मी सांगून बघितलं की आपल्याकडे हे नाव दर दहा घरांत एक आहे, आडनाव तर गावोगाव आहे. नाव छापलं की निम्मा जिल्हा म्हणेल, आमचाच. "म्हणू द्या की," आबा म्हणाले आणि सूप पाखडायला लागले.

नाव मी तरीही लिहीत नाही. उलटं विचारतो. सातारा, सांगली, रत्नागिरी, रायगड, कुठेही, घरात अशी चकती असेल, माळ्यावर, देव्हाऱ्यात, कशावर तरी झाकण म्हणून, तर चौकटीतली अक्षरं वाचून मला नाव कळवा. पलटण माहीत असली तर तीही. मोडीत घालू नका. कांस्याला भाव काही फार येत नाही.